आजार नाही, मग गोळ्या कशाला?

पत्र धारूर तालुक्यातून आलंय. लिहिणाऱ्या ताईंचं वय 28. घर ऊसतोडीचं, दसरा झाला की टोळीबरोबर कारखान्यावर जाणारं. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं:

"सर, यंदा हंगामावरून परत आल्यावर सासऱ्यांचा खोकला थांबेना. बेडका तपासला तर टीबी निघाला. आषाढापासून औषधं चालू आहेत, ताप गेला, जेवण जातंय. मग आशाताईंनी आमची सगळ्यांची तपासणी करून घेतली. 9 वर्षांच्या लेकीच्या हाताला सुई टोचली, तिसऱ्या दिवशी पट्टीनं मोजलं तर 14 मिलिमीटर फुगलं होतं. छातीचा फोटो मात्र सगळ्यांचा साफ आला. तरी डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला, सासूबाईंना आणि लेकीला आठवड्यातून एकदा अशा 12 आठवड्यांच्या गोळ्या दिल्यात. 3 वर्षांच्या पोराला तर रोज एक, सहा महिने. मालक म्हणतात, आजारच नाही तर गोळ्या कशाला, उगं उष्णता होईल. बाजारात एकजण रोगप्रतिकारशक्ती वाढवायची पावडर देतो, डबा 900 रुपयांना. ती घेतली की गोळ्यांची गरज नाही म्हणतो. एका कोपीत झोपून सासऱ्यांना झालं न् आम्हाला नाही, म्हणजे आमची शक्ती चांगलीच असेल ना? सासूबाईंना साखर आहे. त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवावं का? पोराला रोज गोळी देताना जीव वर-खाली होतो. काय करू?"

ताई,

आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. गोळ्या सगळ्यांनी घ्यायच्या आणि शेवटच्या डोसापर्यंत घ्यायच्या. पावडरीचा डबा घ्यायचा नाही. ताट-वाटी वेगळी करायची काही गरज नाही. हा जंतू हवेतून पसरतो, भांड्यातून नाही. आता कारणं. तुमच्या मालकांचा प्रश्न रास्त आहे. तो विचारला म्हणून त्यांच्यावर कुणी रागावण्यात अर्थ नाही, त्यांना नीट उत्तर मिळायला हवं. हे पत्र त्यांनाही वाचून दाखवा.

सासरे खोकायचे तेव्हा तोंडातून बारीक तुषार उडायचे. त्यातले मोठे जमिनीवर पडतात, काही नाकातल्या ओलाव्याला चिकटतात. अगदी सूक्ष्म कण मात्र कोंदट जागेत तासन्‌तास तरंगत राहतात. माणूस दिवसाला सुमारे 10,000 लिटर हवा आत घेतो. त्या हवेबरोबर हे कण फुफ्फुसाच्या पार टोकाला, वायुकोशात जाऊन पोचतात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी कायम फिरत असतात. धूळ, चुलीची काजळी, मेलेल्या पेशी, जे येईल ते गिळून जागा साफ ठेवणं हे त्यांचं रोजचं काम. आणि हे काम त्या गाजावाजा न करता करतात, कारण वायुकोशाची भिंत इतकी पातळ असते की प्रत्येक धुळीच्या कणामागे तिथे सूज आली तर श्वास घेणं मुश्किल होईल.

टीबीचा जंतू आला की तोही गिळला जातो. एरवी गिळलेला जंतू पेशीच्या आत एका पिशवीत पडतो, त्या पिशवीला आम्लाची आणि पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन मिळते, आणि जंतू विरघळतो. टीबीचा जंतू नेमका इथेच वेगळा. त्याच्या अंगावर मेणासारखं जाड, तेलकट कवच असतं आणि तो या दोन पिशव्या एकत्र येऊ देत नाही. म्हणजे ज्या पेशीनं त्याला मारायचं तिच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो. घाई मात्र त्याला अजिबात नसते. हगवणीचे काही जंतू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात, याला दुप्पट व्हायला जवळपास एक दिवस लागतो. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये हा जंतू जगासमोर मांडला. तो शोधणं इतकं अवघड का गेलं, त्यात या कवचाचा आणि या संथपणाचा मोठा वाटा होता. आजही प्रयोगशाळेत बेडक्याच्या काचपट्टीला लाल रंग लावून ती खालून गरम करावी लागते, तेव्हा कुठे रंग कवचातून आत शिरतो. एकदा शिरला की मग आम्लानं धुतलं तरी निघत नाही. निळ्या पडद्यावर बारीक लाल काड्या दिसतात. तुमच्या सासऱ्यांच्या काचपट्टीवर अशाच काड्या दिसल्या असतील.

काही माणसांच्या बाबतीत गोष्ट पहिल्याच मुक्कामी संपते. भक्षक पेशी जिंकतात, जंतू मरतो, आणि पुढे हाताची चाचणी केली तरी हात फुगत नाही. रुग्णासोबत महिनोन्‌महिने एकाच खोलीत राहूनही ज्यांची चाचणी कोरी येते, अशी माणसं प्रत्येक देशात आढळली आहेत. तुमच्या घरातही कुणी असं असेल. पण लेकीचं तसं नाही, आणि तिच्या हातावर जे दिसलं ते नीट समजून घ्या.

पहिल्या मुक्कामी जंतू मेला नाही तर दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्याचे तुकडे घेऊन छातीच्या मध्यभागी असलेल्या लसिका गाठींपर्यंत जातात. तिथे टी पेशी असतात. कोट्यवधी टी पेशींतून नेमका हाच जंतू ओळखणाऱ्या मोजक्या पेशी निवडल्या जातात, त्यांची संख्या वाढते, आणि मग त्या रक्तातून फुफ्फुसाकडे निघतात. टीबीमध्ये या सगळ्याला फार उशीर लागतो. जंतू शिरल्यापासून हाताची चाचणी फुगायला 2 ते 8 आठवडे जातात. तेवढे दिवस आत जंतू बिनबोभाट वाढत असतो.

टी पेशी पोचल्या की चित्र पालटतं. गंमत म्हणजे त्या बहुतेक वेळा जंतूला स्वतः मारत नाहीत. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं एक रसायन सोडतात. ते मिळालं की ज्या भक्षक पेशीच्या पोटात जंतू बसलाय तिलाच बळ येतं. अडवून धरलेल्या पिशव्या एकत्र येतात, आम्ल वाढतं, जंतूची वाढ थांबते, बरेचसे मरतात. हे रसायन किती मोलाचं आहे ते 1996 साली फार स्पष्ट झालं. काही लेकरांमध्ये जन्मतःच त्याला प्रतिसाद देण्याची सोय नसते, आणि अशा लेकरांना एरवी निरुपद्रवी असलेल्या, टीबीवरच्या बीसीजी लशीतल्या जंतूनंसुद्धा गंभीर आजार होतो. एचआयव्हीमध्ये टी पेशी घटतात, म्हणून तिथे टीबी सगळ्यात आधी डोकं वर काढतो.

लेकीच्या हातात त्या दिवशी जंतू टोचला नव्हता, जंतूच्या प्रथिनांचा एक थेंब टोचला होता. टीबीची ओळख असलेल्या तिच्या टी पेशी दोन-तीन दिवसांत त्या जागी गोळा झाल्या आणि कातडी टणक झाली. मोजणाऱ्यानं लाली सोडून फक्त टणक भाग मोजला असेल, बोटानं कडा चाचपून, हाताच्या आडव्या रेषेत पट्टी धरून. जन्माच्या वेळच्या बीसीजीमुळे नवव्या वर्षी एवढा टणकपणा सहसा येत नाही. म्हणजे ते 14 मिलिमीटर दोन गोष्टी सांगतात: जंतू आत शिरलाय, आणि लेकीच्या पेशी त्याला ओळखून कामाला लागल्यात.

मग फोटो साफ का? कारण या पेशींनी मिळून जंतूभोवती गाठ बांधली आहे. आत जंतू असलेल्या भक्षक पेशी, त्यांना बिलगून तशाच आणखी पेशी, काही एकमेकींत मिसळून मोठ्या झालेल्या, आणि भोवती टी पेशींचा गराडा. गाठीच्या आत प्राणवायू कमी असतो, जंतू अर्धवट झोपेत जातो. गाठ इतकी लहान असू शकते की साध्या फोटोत दिसतही नाही. लेकीला खोकला नाही, ती कुणाला टीबी देऊ शकत नाही, शाळेत खुशाल जाऊ द्या. असे लोक कमी नाहीत. भारतात 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत 15 वर्षांवरच्या लोकांत सुमारे 31 टक्के जणांच्या शरीरात हा संसर्ग आढळला.

तुमच्या मालकांच्या प्रश्नाचं उत्तर या गाठीत आहे. संसर्ग झालेल्या 100 जणांपैकी 5 ते 10 जणांना आयुष्यात कधीतरी टीबी होतो, आणि त्यातल्या निम्म्यांना तो पहिल्या दोन वर्षांतच होतो. तुमच्या घरात जंतू शिरला तो गेल्या हंगामात. म्हणजे सगळ्यात धोक्याचा काळ हाच चालू आहे. आज जंतू थोडे आहेत म्हणून एक-दोन औषधांत काम भागतं. उद्या गाठ फुटली तर जंतू कोट्यवधी होतील, त्यात औषधाला दाद न देणारेही काही निघतील, आणि मग सासऱ्यांसारखा, सुरुवातीला चार औषधांचा, सहा महिन्यांचा कोर्स करावा लागेल. आधी सगळ्यांचे फोटो काढले तेही याचसाठी, की कुणाला आधीच आजार असेल तर त्याला अर्धवट औषध जाऊ नये. या प्रतिबंधक गोळ्यांनी पुढे टीबी होण्याचा धोका साधारण 60 टक्क्यांनी कमी होतो. पेशी त्यांचं काम करतातच, गोळी त्यांचा भार हलका करते.

आता पावडर. शक्ती वाढवली की आजार पळतो, हे ऐकायला बरं वाटतं. पण फुफ्फुसात नुसती शक्ती वाढवून भागत नाही. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकायची असतात. राखणदार बेभान होऊन चहूकडे दगड भिरकावायला लागला तर पाखरांआधी कणसंच मोडतील. टीबीत अगदी हेच होतं. सासऱ्यांच्या फोटोत फुफ्फुसाला पोकळी दिसली असेल, तर ती एकट्या जंतूनं पाडलेली नसते. चवताळलेल्या पेशींनी सोडलेल्या पाचक रसांनी आपलंच फुफ्फुस विरघळवलेलं असतं, आणि त्याच पोकळीतून जंतू श्वासनलिकेत येऊन खोकल्यावाटे बाहेर पडतो.

याचा पुरावा पक्का आहे. टी पेशींना आवर घालणारी एक खीळ आपल्या शरीरात असते. ज्या उंदरांमध्ये ती खीळच ठेवली नाही, त्यांच्या टी पेशी जास्त जोरात धावल्या, इंटरफेरॉन जास्त सुटलं, आणि ते उंदीर टीबीनं लवकर मेले. कर्करोगासाठी हीच खीळ काढणारी औषधं आता माणसांत वापरतात, आणि त्यातल्या काहींचा दबलेला टीबी उफाळून आला. याच्या उलट, संधिवातात सूज कमी करण्यासाठी पेशींचं टीएनएफ नावाचं रसायन अडवणारं औषध आलं, तेव्हा 2001 मध्ये लक्षात आलं की ते घेणाऱ्यांच्या जुन्या गाठी सुटून टीबी होतोय. कमी झालं तरी घात, जास्त झालं तरी घात. हा तोल कुठल्याही डब्यातून मिळत नाही. ड जीवनसत्त्वाचंच पाहा. मंगोलियात शाळकरी मुलांना ते दीर्घकाळ देऊन पाहिलं, आणि 2020 मध्ये निकाल आला की टीबीचा संसर्ग काही कमी झाला नाही. आणि त्या डब्यात नेमकं काय आहे हे तो विकणारा तुम्हाला लिहून देणार नाही. अंगदुखी, सांधेदुखीच्या अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणं आहेत. स्टेरॉइडनं दोन दिवस तरतरी येते, भूक लागते, आणि आत भक्षक पेशी न् टी पेशी दोन्ही ढिल्या पडतात. गावात कुणी दुखण्यावर असली पुडी किंवा सुई देत असेल तर पुढची दोन वर्षं तुमच्या घरानं तिच्या वाटेला जाऊ नये.

पेशींना खरंच बळ देणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पोटभर आणि डाळीचं जेवण. प्रथिनं कमी मिळालेल्या उंदरांमध्ये इंटरफेरॉन आणि टीएनएफ नीट तयार होत नाहीत आणि ते टीबीनं भराभर मरतात; त्यांनाच पुन्हा पुरेशी प्रथिनं दिली की प्रतिकार परत येतो. माणसांतला पुरावा आपल्याच देशातला आहे. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्या 10,000 हून अधिक लोकांचा अभ्यास झाला, त्याचा निकाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला तर दोन्ही गटांत शिधा होताच. एका गटात घरच्या माणसांनाही दरमहा माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांमध्ये नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी निघालं. तांदूळ आणि डाळ, ताई. तो 900 रुपयांचा डबा घ्यायचा असेल तर त्याच पैशात तूरडाळ, हरभरे, शेंगदाणे, अंडी आणा. सासऱ्यांच्या नावानं टीबी रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1,000 रुपये बँकेत येतात. नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 500 होते. खात्यात जमा होतात का, ते आशाताईंकडून पाहून घ्या.

तुमच्या पत्रात सासऱ्यांचं आहे, लेकरांचं आहे, सासूबाईंच्या साखरेचं आहे. तुमचं वजन किती, तुम्ही जेवता कधी आणि ताटात काय उरलेलं असतं, याबद्दल एक अक्षर नाही. सगळ्यांचं झाल्यावर टोपल्यातली उरलेली भाकर न् ठेचा यावर ज्या बाईचं भागतं, आणि जी पहाटे उठून मोळ्या वाहते, तिच्या फुफ्फुसातल्या पेशी कशाच्या जोरावर ती गाठ सांभाळणार? मला या घरात लेकरांखालोखाल तुमची काळजी वाटते. स्वतःचं वजन करून घ्या आणि डाळ वाढताना आपल्या वाटीत आधी घाला. यात लाजण्यासारखं काही नाही. घरात कुणी बोललं तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा. मी डॉक्टर आहे आणि मी सांगतोय.

सासूबाईंना मधुमेह असल्यानं टीबीचा धोका दोन ते तीन पट आहे. साखर चढलेली असली की पेशी लसिका गाठींपर्यंत निरोप न्यायला आणखी उशीर करतात. साखरेची गोळी चुकू देऊ नका आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी करून घ्या. त्यांचा खोकला दोन आठवडे टिकला तर "वयाचं आहे" म्हणून सोडू नका, बेडका तपासा. मालक बिडी ओढत असतील तर तेही सांगा: धुरानं त्याच भक्षक पेशी मंद होतात. चूल घरात असेल तर निदान धूर बाहेर जाईल अशी जागा करा.

गोळ्यांबद्दल ज्या गोष्टी घाईगर्दीत सांगायच्या राहून जातात, त्या सांगतो. आठवड्याच्या डोसानं लघवी नारिंगी-लालसर होते. ते रक्त नसतं, घाबरून औषध सोडू नका. थोडी मळमळ चालते. पण भूक पूर्ण गेली, उलट्या लागल्या, डोळे पिवळे झाले किंवा लघवी चहासारखी काळपट झाली तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. यकृतावर परिणाम होऊ शकतो. याच कारणानं या काळात दारू नको, एक घोटही नको. हातापायाला मुंग्या आल्या तर सांगा, त्यावर बी-6 ची गोळी देतात. आणि हे खास तुमच्यासाठी: तुम्ही पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असाल, तर आठवड्याच्या या औषधानं त्यांचा असर कमी होतो. तोवर निरोध वापरा किंवा तांबीबद्दल नर्सताईंशी बोला. दिवस गेल्याची शंका असेल तर डोस घेण्याआधीच सांगा, गरोदरपणात हे औषध देत नाहीत.

पोराच्या गोळीनं तुमचा जीव वर-खाली होतो, ते मी समजू शकतो. पण भीती कशाची धरायची ते ठरवू. पाच वर्षांखालच्या लेकरांच्या पेशींना गाठ नीट बांधता येत नाही. त्यांच्यात जंतू रक्तात उतरून मेंदूपर्यंत जाण्याचा धोका मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून तर अशा लेकरांना हात तपासायची वाट न पाहता गोळी सुरू करतात. बीसीजी त्याला मिळाली असेलच. ती लस लहानपणी मेंदूच्या टीबीपासून बरंच राखते, पण पूर्ण हमी देत नाही. ही गोळी वर्षानुवर्षं लेकरांना दिली जातेय आणि लेकरांना ती मोठ्यांपेक्षा चांगली सोसते. चुरून पाण्यात द्या, रोज ठरलेल्या वेळी, आणि महिन्याला त्याचं वजन करा, कारण डोस वजनावर ठरतो.

राहिला हंगाम. दसऱ्याला तुमचे काही आठवड्यांचे डोस उरलेले असतील, पोराचे तर काही महिन्यांचे. निघण्याआधी सगळ्यांची निक्षय नोंदणी, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदीत नाव, आहे का पाहा, तो क्रमांक लिहून घ्या, उरलेल्या गोळ्या सोबत मागा, आणि कारखाना कुठल्या तालुक्यात आहे ते आशाताईंना सांगून ठेवा. त्या क्रमांकावर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही औषध मिळतं. अडचण आली तर 1800-11-6666 या मोफत क्रमांकावर फोन करा. सासऱ्यांचा कोर्स पुरा होईपर्यंत त्यांना फडात नेऊ नका. औषध नीट चालू असेल तर काही आठवड्यांतच त्यांच्यापासून इतरांना होणारा धोका खूप कमी होतो, आता घरात त्यांच्याजवळ बसायला लेकरांना अडवू नका. पण त्यांचं वजन भरून यायला वेळ हवा. कोपी बांधाल तेव्हा तिला समोरासमोर दोन बाजूंनी वारा येईल असं बघा, थंडीत प्लास्टिकनं चारी बाजू गच्च करू नका. आणि टोळीतलं दुसरं कुणी दोन आठवड्यांच्या वर खोकत असेल, तर मुकादमाला विचारत बसू नका, त्याला बेडका तपासायला धाडा.